अमावास्येची कात्री

अमावास्येला माणसं नवं काम काढत नाहीत, लांबचा प्रवास टाळतात. छबुबाई मात्र अमावास्येची वाट बघायची. सकाळची भांडी झाली की डोक्यावरून पदर घ्यायचा, फोटोंचं पाकीट जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचं आणि नेकनूरच्या थांब्यावर बीडच्या एस.टी.साठी उभं राहायचं. शेजारणी विचारायच्या, "अमुशाचं कुठं गं निगाली?" ती म्हणायची, "नावं ठिवून घ्यायला." शेजारणींना वाटायचं, थट्टा करते. पण ती अगदी खरं बोलत असे.

अमावास्येला लग्न नाही, साखरपुडा नाही, दुकानाचं उद्‌घाटन नाही. त्यामुळं जिल्ह्यातले फोटोग्राफर तेवढा एक दिवस रिकामे. ते बीडच्या बसस्टँडजवळ तात्याबाच्या हॉटेलात मागच्या टेबलाशी जमायचे, आपापले फोटो मांडायचे आणि एकमेकांच्या कामाची यथेच्छ चिरफाड करायचे. ह्याला ते 'अमावास्या मंडळ' म्हणत. ना नोंदणी, ना वर्गणी, ना अध्यक्ष. जिल्ह्यात इतक्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि बसल्या, पण खरा सहकार ह्या एका टेबलावरच होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

नेकनूरचा 'ज्योती फोटो स्टुडिओ' मुळात छबुबाईच्या नवऱ्याचा, बंकटरावांचा. हौसेनं काढला होता, पण माणूस उतावळा. समोरच्याला "हसा" म्हणायचे आणि तो हसायच्या आधीच बटण दाबायचे. गावातल्या निम्म्या लग्नांत नवरदेव शिंकायच्या बेतात दिसतो तो त्यामुळं. पुढं सहकारी साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरी लागली, तेव्हा बंकटरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि गावानंही. कॅमेरा, डार्करूम आणि अमावास्येचं मंडळ, तिन्ही छबुबाईकडं आली.

तिचा हात पहिल्यापासूनच चांगला. ती घाई करत नसे. बंकटरावांपुढं माना खाली घालणाऱ्या बायका तिच्यापुढं मोकळ्या व्हायच्या. मोमीन गल्लीतल्या पोरी बुरखा वर करून "जरा गोरी काढ गं" म्हणायच्या आणि ती म्हणायची, "हाय तशीच लई देखणी हायस, गप बस." लग्न जमवायला फोटो पाठवायचा तर तो छबुबाईच्याच हातचा, असं चार गावांत झालं होतं. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. पण आपलं कुठं चुकतं हे आपल्याला दिसत नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तर बीडची एस.टी.

मंडळाची रीत ठरलेली होती. फोटो टेबलावर आला की आधी तो सुंदररावांकडं जायचा. सुंदरराव सगळ्यांत जुने, बीडमध्ये त्यांचा स्टुडिओ. ते फोटोचा कोपरा जिभेच्या टोकाला लावायचे. फोटो पक्का करायला जे औषध लागतं, हायपो, ते नंतर पाण्यानं पुरतं धुऊन काढावं लागतं. कागदात राहिलं तर तेच पुढं फोटो खातं. आणि हायपो राहिलेला फोटो जिभेला गोडसर लागतो. सुंदररावांची जीभ त्यात पटाईत. "गोड हाय बे! काय शिरा केलाय का?" असं ते ज्ञानोबाला म्हणाले की नांदूरघाटचा ज्ञानोबा मान खाली घालून तो फोटो परत पिशवीत टाकायचा.

चवीतून सुटलात की कात्री. सुंदररावांकडं काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते. ते फोटोवर सरकवत ते दाखवायचे, इथून काप, तिथून काप, एवढंच ठेव. मग बाकीचे तुटून पडायचे. "आश्रुबा, डोळे गहाण ठिवले का बे? नवरीच्या डोक्यातून खांब उगवलाय!" ज्याच्या फोटोला त्या दिवशी सगळ्यात जास्त कात्री लागेल, त्याच्या नावावर सगळ्यांचा चहा. आणि गंमत अशी, की चहा पाजून गेलेला माणूस पुढच्या अमावास्येला हमखास बरा फोटो घेऊन यायचा.

छबुबाईचा फोटो टेबलावर आला, की मात्र सगळ्यांचे आवाज उतरायचे. सुंदरराव तो दोन्ही हातांनी धरायचे, हळदीकुंकवाच्या पत्रिकेसारखा, आणि म्हणायचे, "छान हाय, वहिनी." ज्ञानोबा म्हणायचा, "लई छान." आश्रुबा म्हणायचा, "झकास." ना जीभ, ना कात्री. फोटो जसा आला तसा पिशवीत. चहाही तिला कधी पाजू दिला नाही. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसून स्वतःच्याच फोटोत चुका शोधत राहायची आणि मनातून धुमसायची. एवढ्या लांब यायचं आणि पाहुणी म्हणून परत जायचं, हे तिला अपमानासारखं वाटे. पण बोलायचं कसं? लोक चांगलं म्हणतात म्हणून भांडण काढणारी बाई म्हणजे अतिशहाणपणच झालं.

अशात सत्त्याऐंशीचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, टँकर यायचा तेव्हा यायचा. शेतात काही नाही, तेव्हा दारातल्या म्हशीवर घरं चालू लागली. शेजारच्या वाडीत बायकांनी दूध संस्था काढली, चेअरमन वच्छलाबाई. सगळ्या सभासदांच्या ओळखपत्रांचे फोटो आणि संस्थेच्या भिंतीला लावायला एक मोठा फोटो, हे काम वच्छलाबाईंनी छबुबाईला दिलं. बीडचा एक नावाजलेला स्टुडिओ मागं लागला होता, पण वच्छलाबाई म्हणाल्या, "बायांची संस्था हाय, बाईच फोटू काढील."

छबुबाईनं जीव ओतून काम केलं. अडचण एकच होती, पाणी. फोटो वाहत्या पाण्यात तासभर धुवायचा, हे बंकटरावांनी शिकवलेलं. आणि घरात प्यायला एक पिंप. निगेटिव्हच्या बाबतीत तिनं तडजोड केली नाही. निगेटिव्ह म्हणजे बियाणं, ते राखायचंच. फोटो मात्र एका बादलीत बुचकळून काढले, वर तांब्याभर पाणी सोडलं. मनात पाल चुकचुकली. म्हणून तिनं मुद्दाम ते फोटो अमावास्येला बीडला नेले, टेबलावर मांडले आणि विचारलं, "बगा बरं, कसे झालेत?"

"छान हायत, वहिनी."

जाणत्यांनी छान म्हटलं म्हणजे पाणी पुरलं असेल, असं समजून तिनं फोटो संस्थेत पोचते केले.

उन्हाळा सरता सरता वच्छलाबाई स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या. ओच्यातून त्यांनी ओळखपत्रांचा गठ्ठा काढला. "छबू, आमा समद्यांना कावीळ झालीय का गं?"

छबुबाईनं पाहिलं. पारूबाईच्या गालावर पिवळे डाग, दगडाबाईचं कपाळ तपकिरी, साखराबाईचा तर अर्धा चेहराच गेलेला. संस्थेच्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोत म्हणे दोन म्हशी ठळक राहिल्या होत्या आणि बायका उतरल्या होत्या. वच्छलाबाई ओरडल्या नाहीत, पण गठ्ठा तिथंच ठेवून जाताना म्हणाल्या, "समद्यांशी भांडून तुला काम दिलतं. आता त्या मला इचारत्यात." ते छबुबाईला झोंबलं. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्यातला अर्धा स्वतःवरच होता.

पुढच्या अमावास्येला तिनं पाकीट कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलं नाही. सगळी ओळखपत्रं तशीच पदरात घेऊन ती तात्याबाच्या हॉटेलात शिरली आणि टेबलावर पत्ते टाकावेत तशी टाकली.

"हे फोटो ह्याच टेबलावर ठिवले व्हते मी. समद्यांनी छान म्हणलं. आता बी छान हायत का?"

आश्रुबा बशी फुंकत राहिला. बशीतला चहा केव्हाच संपला होता. शेवटी ज्ञानोबानं तोंड उघडलं.

"खरं सांगू का, वहिनी? मागल्या अंगाला पांढरी पूड दिसली व्हती मला. हायपोची."

"मंग बोलले कावून न्हाईत?"

"बाईमाणसाला कसं बोलावं, म्हणलं."

"आश्रुबाभाऊजींना डोळे गहाण ठिवले का म्हणताना लाज वाटत न्हाई, आन् मला बोलताना वाटती? मी काय इथं हळदीकुंकवाला येते का? त्या तुमच्या छानपायी माझं नाव बुडलं, भाऊजी!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. सुंदररावांनी चष्मा काढला. "चूक माजी हाय, वहिनी. चवीचं काम माजं. पर तुमच्या हातचा फोटो, तुमच्यादेखत जिभंला लावायचा म्हणजे... बंकट काय म्हणंल, आसं वाटलं."

"ते काय म्हणतेत? ते तिकडं काट्यावर ऊस मोजतेत."

ज्ञानोबाला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं. सुंदरराव मात्र हसले नाहीत. "आजून एक इचारतो. तुमी तरी कवा आमच्या फोटोला नाव ठिवलं? तुमी बी आमाला छानच म्हणत आला."

गोष्ट खरी होती. आपल्याला लोक बोलत नाहीत म्हणून धुमसणारी ती, स्वतः कधी एक अक्षर बोलली नव्हती. आपण चांगलं दिसावं म्हणूनच ना? मग तिनं आश्रुबाचा ताजा फोटो ओढून घेतला. जनावरांच्या छावणीचा होता, चारावाटपाचा.

"ही जनावरांची छावणी हाय ना? पुढारी झाक दिसतोय, त्याचा हार बी दिसतोय. जनावराचं निस्तं शेपूट! उपाशी कोण व्हतं, भाऊजी, पुढारी का बैल?"

तात्याबासकट सगळे असे हसले की आश्रुबालाही हसावं लागलं. "खरं हाय," तो म्हणाला. "माझं शेपूट कापलं वहिनींनी."

मग काम सुरू झालं. पाणी नसताना फोटो धुवायचा कसा, ह्यावर सुंदररावांनी शाळा घेतली. एक बादली एकदम वापरू नका. तेवढंच पाणी थोडं थोडं करून सात-आठदा बदला, दर वेळी फोटो निथळून घ्या. आणि त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं मचूळ पाण्याची हीर हाय का? जिचं पाणी कुणी पीत न्हाई?"

"हाय की. खारट हाय म्हणून जनावर बी तोंड लावत न्हाई."

"तेच घ्या. खाऱ्या पाण्यात हायपो लवकर निघतो. शेवटच्या दोन पाण्यांना निस्तं गोडं पाणी वापरा, मीठ निघंल."

गावाबाहेरच्या त्या विहिरीवरून छबुबाई रोज जात होती. एवढी एक गोष्ट कुणी सहा महिन्यांपूर्वी बोललं असतं तर! पण आता हळहळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. नेकनूरला उतरली ती घागर घेऊनच विहिरीकडं गेली. निगेटिव्हचं बियाणं शाबूत होतंच. शेवटच्या धुण्याला वच्छलाबाईंनी दुधाच्या कॅनमधून गोडं पाणी पाठवलं, वर निरोप: "कॅन दुधाचा हाय, फोटूला साय येऊ देऊ नको." राग गेला होता म्हणायचा.

पुढच्या अमावास्येला छबुबाईनं भिंतीवरचा नवा मोठा फोटो टेबलावर ठेवला. संस्थेपुढं कॅन घेऊन उभ्या बायका, मागं म्हशी. सुंदररावांनी तो उचलला, दोन्ही हातांनी, आणि थांबले.

"लावा," छबुबाई म्हणाली.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कोपरा जिभेला लावला आणि डोळे मिटले. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"गोड न्हाई," ते म्हणाले. "आजिबात न्हाई." आणि खिशातून काळे काटकोन काढले.

मग जी सुरुवात झाली! "ह्या टोकाच्या बाईचा हात कापलाय, छबुबाई. कॅन हवेत लटकलाय," सुंदरराव म्हणाले. 'वहिनी' म्हणणं कुठच्या कुठं गेलं, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. ज्ञानोबा म्हणाला, म्हशीनं तोंड फिरवलंय. आश्रुबानं मागचा सगळा सूड उगवला: उजेड एकाच अंगाला, मधल्या रांगेतल्या तिघी सावलीत, आणि ते दाराचं कुलूप कशाला मधेच? सुंदररावांनी वरचा पुठ्ठा निम्म्यापर्यंत खाली आणला. "आन् हे येवढं आभाळ कशापायी? काय हाय त्यात? एक ढग तरी हाय का?"

"न्हाई ना," छबुबाई म्हणाली. "म्हणून तर ठिवलंय." आणि तिनं पुठ्ठा परत वर सरकवला.

सुंदरराव फोटोकडं बघत राहिले, मग तिच्याकडं. "ऱ्हाऊ द्या आभाळ," ते म्हणाले. "बाकी कात्री कायम."

त्या दिवशी तिच्या फोटोइतकी कात्री कुणालाच लागली नाही. तात्याबानं कप मांडले आणि नेहमीसारखं विचारलं, "आज कुणाच्या नावावर?"

"छबुबाईच्या," सुंदरराव म्हणाले.

तात्याबा घोटाळला. बाईमाणसाकडून चहाचे पैसे त्यानं कधी घेतले नव्हते. छबुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि नोट गल्ल्यावर अशी ठेवली, की कारखान्याच्या चेअरमनानंही तशी ठेवली नसेल. "घ्या, तात्याबा. लई दिस वाट बघितली ह्या चहाची." तिला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

मग ती सगळ्यांबरोबर बसून चहा प्याली. पहिल्याच घोटाला तिनं कप खाली ठेवला.

"तात्याबा, चहा पांचट झालाय," ती म्हणाली.