पाळी चुकली की इंदूअक्का

पाळी चुकल्याचं सांगायला कुणी आली, की इंदूअक्का आधी विचारायच्या, "रात्री काय जेवलीस?" नंजनगूडच्या आमच्या कारखान्यातला दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि नर्स इंदूअक्का. जुन्या म्हैसूरच्या मराठी शिपायांच्या घराण्यातल्या त्या. बोलता बोलता कानडीत शिरायच्या.

मी गेले तेव्हा मागच्या पाळीला सात आठवडे होऊन गेले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती. म्हैसुरात चामराजपुरमच्या घरी सासूबाई दर महिन्याला माझ्या तारखेवर कॅलेंडरवर खूण करायच्या. या वेळी तर मला जिना चढू देत नव्हत्या.

"घरच्या घरी टेस्ट केलीस?"

"दोनदा, आठवड्याच्या अंतरानं. काही नाही."

"टेस्टचं सासूला सांगितलंस?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

अक्कांनी झोप, वजन, औषधं, सगळं विचारलं. "नोडम्मा, बघ बाई, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, डबा तसाच परत जातो, वर जिवाला घोर. शरीर दमलं की पाळी लांबते. कुणाची थायरॉइडनं, कुणाची पीसीओडीनं, कुणाची वयानं. सुम्ने, उगाच स्वतःला दोष देऊ नको. डॉक्टरांना दाखव, रक्त तपासून घे."

"मूल नाही तर निदान आजार तरी निघू दे, अक्का. सासूबाईंना सांगायला काहीतरी हवं."

अक्कांनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "रिपोर्ट आला की रविवारी तुझ्या घरी येते मी."

तपासणीत थायरॉइडच निघालं. रविवारी अक्का आल्या, कॉफी प्यायल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "अम्मा, हिला गोळी चालू झालीय. त्या खुणा आता नकोत."

"आम्ही काय वाईट चिंतलं तिचं?"

"नाही हो. पण दर महिन्याला पोर तुमच्यापुढे नापास होते. साकु, पुरे आता."

पुढच्या महिन्यात कॅलेंडरवर फक्त दूधवाल्याची नोंद होती.

चार महिन्यांनी माझी पाळी वेळेवर येऊ लागली. मूल झालं नाही. त्याचं दुःख आहेच, पण तारखेची भीती गेली.

गेल्या वर्षी अक्का वारल्या. म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या त्यांच्या घरापुढे कारखान्यातल्या कितीतरी बायका कामावरून थेट आल्या होत्या, दमलेल्या, पायरीवर जागा मिळेल तिथं बसलेल्या. अक्कांकडे तू काय सांगायला गेली होतीस, असं कुणी कुणाला विचारलं नाही. शेजारच्या बाईनं, ओळख नसताना, माझा हात धरला आणि मीही तो सोडवला नाही.