पंखे बंद करून वाचवलेली पृथ्वी

माझी आत्या तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची. घरच्या इस्त्रीशी त्या कामाचा काही संबंध नाही. तिथली इस्त्री छताला टांगलेल्या नळीतून बॉयलरची वाफ घेते, आणि पायाखालचं पेडल दाबलं की टेबल ती वाफ खाली ओढून घेतं. हाताने शर्ट फिरवायचा, पायाने पेडल मारायचं आणि डोळा कॉलरवर ठेवायचा. शिलाईच्या बायका बसून काम करतात, इस्त्रीवाल्या दिवसभर उभ्या. त्यातून हा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. माणसांना काय सोयीचं पडेल, हा प्रश्न इमारत बांधताना कुणाच्या डोक्यात आला नसावा.

आत्याचा राग नाकावर असायचा. आतोबा बसचे कंडक्टर, दिवसभर ओरडून ओरडून घरी येईपर्यंत त्यांचा घसा बसलेला. त्यामुळे घरात दोघांच्या वाटचं आत्याच बोलायची. "ती रागावली नाही की मला काळजी वाटते, अंगात कसकस आहे की काय," असं ते म्हणायचे.

एके दिवशी कारखान्याच्या फाटकावर हिरवी पाटी लागली. वर एक पान, खाली 'आम्ही पृथ्वीचा ताप उतरवतो'. मॅनेजरने सगळ्यांना आवारात उभं करून त्याचा अर्थ सांगितला. ज्या परदेशी कंपनीसाठी इथे शर्ट शिवले जायचे, तिने इतर बड्या कंपन्या आणि पर्यावरणाच्या काही संस्थांबरोबर एक करार केला होता. कुठल्या सरकारने सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. सरकारं बैठकांवर बैठका घेत बसलीत, तोवर आपण आपला धूर कमी करायला लागू, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा माल पुरवणाऱ्या कारखान्यांनीही वीज वाचवायची.

आत्याला हे मनापासून पटलं. घरी येऊन म्हणाली, "चांगलं काम आहे. कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती." हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिला पर्यावरणाची वैरी ठरवणारे शहाणे लोकही भेटले.

वीज वाचवायचे मार्ग कमी नव्हते. वाफेचे पाइप उघडे होते, त्यांना वेष्टण घालता आलं असतं. बॉयलर जुनाट होता, तो बदलता आला असता. पण या सगळ्याला खर्च येतो. मॅनेजरने फुकटातला मार्ग काढला. इस्त्री विभागातली गरम हवा बाहेर फेकणारे जे मोठे पंखे होते, त्यातले निम्मे त्याने बंद करून टाकले. उन्हाळा चढला तसे उरलेल्यातले आणखी काही बंद झाले. बायका येता-जाता बटण दाबायला लागल्या, तेव्हा बटणांच्या पेटीला कुलूप बसलं.

आत्याच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. सतत चिवचिव करायची, म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. नवरा घोरतो कसा, सासूचं मांजर दूध कसं चोरतं, कामाबरोबर हेच चालायचं. आत्या तिला रागवायची आणि पुढचं ऐकायला कानही लावायची. एका दुपारी चिमणी बोलायची थांबली. "मला आधी तेच खटकलं," आत्या सांगते. वळून पाहते तो चिमणी टेबलावर कलंडलेली आणि इस्त्री तिच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली होती.

मॅनेजर वर आला. "काही खाल्लं नसेल सकाळपासून," तो म्हणाला. "या मुली बारीक व्हायच्या नादात उपाशी येतात."

"साहेब, तिने माझ्या शेजारी बसून डबा संपवलाय," आत्या म्हणाली. "ते पंखे आधी लावा."

"बाई, पंखे लावले की आकडा बिघडतो. वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल."

"कुणाची मेहनत?"

तो गाडी बोलवायला जिना उतरला. चिमणीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पुढे ती कामावर परतली तेव्हा तिला इस्त्रीची मूठ नीट धरता येईना. 'पूर्ण बरी झालीस की ये' असं गोड बोलून तिला घरी धाडलं. तिची बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

काही दिवसांनी परदेशी कंपनीने नेमलेली तपासनीस आली. ती येणार हे कारखान्याला आधीच कळवलेलं होतं. त्या दिवशी झाडून सगळे पंखे सुरू, टेबलाटेबलावर पाण्याच्या बाटल्या. मॅनेजर शेजारी उभा असताना तिने विचारलं, "इथे काही त्रास?" बायका खाली बघत राहिल्या. आत्या म्हणाली, "आज नाही. उद्या न सांगता या." तपासनीस बाई गोड हसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. महिनाभरात कारखान्याला उत्तम वीजबचतीचा चषक मिळाला. ज्या बंद पंख्यांपायी चिमणीचा हात गेला, त्याच बंद पंख्यांसाठी हा चषक. तो काचेच्या कपाटात ठेवून त्याच्यावर दिवा सोडला होता, आणि तो दिवा मात्र दिवसरात्र जळायचा. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती सरकारी कामगार कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याने कानावर हात ठेवले. "कायद्यात 'पुरेशी हवा' एवढंच लिहिलंय, बाई. पुरेशी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. मी काय करणार?"

"तुमच्या डोक्यावरचा पंखा बंद करून बसा," आत्या म्हणाली. "दुपारपर्यंत समजेल किती ते."

तिला बाहेर जायला सांगण्यात आलं.

मग ती युनियनच्या कचेरीत गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, दोन बाकं आणि एक जुना संगणक. युनियनची सचिव स्वतः पूर्वी शिलाईला होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या कराराची एक देखरेख समिती आहे. तिच्यात कंपन्या आहेत, पर्यावरणवाले आहेत, आणि अलीकडे भांडून भांडून एक खुर्ची कामगार संघटनांनीही मिळवली आहे. "मालक दारात उभं करत नाही, सरकारने हात झटकलेत," सचिव म्हणाली. "ही एवढी खिडकी आहे. तिच्यातून ओरडून बघू या. पण तुम्ही स्वतः बोलायला हवं."

आत्याला परकी भाषा येत नाही. मी भाषांतराचं काम करते, म्हणून बैठकीच्या दिवशी मी तिच्या शेजारी त्या बाकावर बसले. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं होती. आत्याने पंख्यांचं आणि चिमणीचं सगळं सांगितलं. कंपनीचा अधिकारी फार सभ्यपणे बोलला. झालं ते वाईट झालं, पण अशी घटना एखादीच, असं म्हणाला. त्याच्यानंतर पर्यावरण संस्थेचा माणूस बोलायला लागला. तो माणूस वाईट नव्हता, तळमळीनेच बोलत होता. "प्रत्येक कारखाना अशा सवलती मागायला लागला तर करार ढासळेल," तो म्हणाला. "आणि पृथ्वी तापली तर सगळ्यात आधी तुमच्यासारख्यांनाच भोगावं लागेल."

मी ते आत्याला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच बोलले होते.

"त्याला सांग, मी सवलत मागायला आलेले नाही. धूर कमी करा. आहे त्याहून जास्त करा. पण आमचा श्वास कोंडून जी वीज वाचते, ती तुमच्या पुण्याईत धरू नका. पुढे कधीतरी भोगावं लागेल म्हणतो, आमच्या मजल्यावर ते कधीच सुरू झालंय. आणि त्याला विचार, तुमच्या त्या आकड्यात चिमणीचा हात कुठे मांडलाय?"

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. तो माणूस चष्मा काढून पुसत राहिला. मग कोपऱ्यातल्या चौकोनातून एक बाई बोलली. ती त्याच कंपनीच्या परदेशातल्या दुकानात शर्ट विकायची आणि समितीतली कामगारांची ती एक खुर्ची तिच्याकडे होती. ती म्हणाली, "आमच्या दुकानाचं दार थंडीत दिवसभर सताड उघडं असतं, गिऱ्हाइकाला आत यावंसं वाटावं म्हणून. आत हीटर सुरू आणि ऊब सगळी रस्त्यावर. ते बंद करायला आम्ही किती वेळा सांगितलं. आणि तुम्ही तिकडे या बायकांचे पंखे बंद करता?"

मी सांगून होईपर्यंत आत्या पडद्याजवळ सरकली होती. "हिला विचार, तीही उभ्यानेच काम करते का?"

करत होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण त्या दिवसापासून आत्या तिला 'दुकानवाली बहीण' म्हणायला लागली.

बैठकीत काहीच ठरलं नाही. विचार करू, एवढंच उत्तर मिळालं. पण दुकानवाली बहीण गप्प बसली नाही. त्या कंपनीच्या दुकानातल्या कामगारांना छातीवर हिरव्या पानाचा बिल्ला लावावा लागायचा. तिच्या दुकानातल्या सगळ्यांनी तो काढून ठेवला, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की चिमणीची गोष्ट सांगायची. मग दुसऱ्या दुकानाने बिल्ले काढले, मग दुसऱ्या शहरातल्या दुकानांनी. तिकडच्या वर्तमानपत्रात आलं. पर्यावरण संस्थेचा तो माणूसही उघडपणे बोलला की अशी बचत आम्हाला नको. तेव्हा कुठे कंपनीची झोप उडाली.

समितीने नियम बदलला. कामगारांची हवा, पाणी किंवा गारवा तोडून केलेली बचत यापुढे बचत म्हणून धरायची नाही. तपासणी न कळवता करायची. आणि तपासनिसाबरोबर कामगारांचा माणूस असायचा. हा नियम कुठल्या सरकारने केला नाही. तरी तो किती तरी देशांतल्या कारखान्यांना लागू झाला. आत्याच्या कारखान्यात पंखे सुरू झाले, वाफेच्या पाइपांना वेष्टण आलं, आणि वीज पहिल्यापेक्षाही कमी लागायला लागली. म्हणजे हे सगळं आधीही करता आलं असतं.

त्याबद्दल कुणी माफी मागितली नाही. उलट आत्याला इस्त्रीवरून काढून धागे कापायच्या टेबलावर बसवलं. तिथे पगार कमी. "तुमच्या वयाला बसून काम बरं, बाई," मॅनेजर म्हणाला.

पुढच्या वर्षी हवामानाची जागतिक परिषद भरली. तिथे कंपनीला आपला करार मिरवायचा होता. त्यांनी आत्याला बोलावलं. विमानाचं तिकीट, राहायची सोय, व्यासपीठावर काही मिनिटं. आम्ही सगळे हरखलो. आतोबांनी बॅग धुवून वाळतसुद्धा घातली.

आत्याने मला उलट निरोप कळवायला सांगितला: चिमणीला पुन्हा कामावर घ्या आणि तिच्या हाताची भरपाई द्या, मग मी येते.

उत्तर आलं. भाषा फार मायेची होती. कामावर झालेली दुखापत कराराच्या कक्षेत येत नाही, ती बाब तिथल्या सरकारची, आम्हाला वाईट वाटतं.

मी वाचून दाखवत होते. आत्या भांडी विसळत होती, ती थांबली नाही.

"त्यांना कळव, मी येत नाही," ती म्हणाली.

"आत्या, अगं, एवढ्या मोठ्या सभेत बोलायला मिळेल."

"सचिवबाई जातील. त्या माझ्याहून नीट बोलतात. मी तिथे गेले तर फोटोत मी दिसेन आणि लोकांना वाटेल सगळं मिटलं. मिटलेलं नाही."

सचिव गेली, बोलली, तिला टाळ्याही मिळाल्या. परत आली तेव्हा तिने समितीपुढे नवी मागणी ठेवली, की करारापायी ज्याला इजा होईल त्याची भरपाई करारानेच द्यायची. पर्यावरण संस्थेने तिला पाठिंबा दिला. कंपन्यांनी अभ्यास करायला वेळ मागून घेतला आहे, आणि त्यांचा अभ्यास अजून चालूच आहे. इकडे कामगार कचेरीतल्या अधिकाऱ्याचं म्हणणं असं की हे प्रकरण आता परदेशी समितीपुढे आहे, तेव्हा आम्ही त्यात हात घालणार नाही.

सुट्टीच्या दिवशी आत्या चिमणीकडे जाते. चिमणी आता घरी शेजाऱ्यांची मुलं सांभाळते. डाव्या हाताने लिहायला शिकली आहे, आणि सासूच्या मांजराबद्दल अजूनही तितकंच बोलते. परवा मी बरोबर होते. निघताना आत्या तिला म्हणाली, "पुढच्या बैठकीत तू बोलायचंस. मी शेजारी बसेन."

"मला नाही जमणार, ताई. काय बोलायचं असतं तिथे?"

"मांजर सोडून काहीही बोल," आत्या म्हणाली, आणि चपला घालून जिना उतरायला लागली.