एकमेव वारस

वडिलांचं नाव मला शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सापडलं.

दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून शारजाला घरी परतताना मी चाचांच्या गाडीत असतो. सगळेच त्यांना चाचा म्हणतात; ते आमच्याच कंपनीत अकाउंट्स बघतात. मूळचे रत्नागिरीकडचे, माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठे. पेट्रोल अर्धं-अर्धं. संध्याकाळी तो रस्ता इतका तुंबतो की बोलण्यासारखं सगळं केव्हाच बोलून झालेलं असतं. त्या दिवशी मात्र चाचांकडे नवीन विषय होता. त्यांच्या गावाजवळ रस्ता रुंद करायला सरकारनं जमिनी घेतल्या होत्या. त्यांच्या वारलेल्या काकांच्या वाट्याचा मोबदला कुणी मागायलाच गेलं नव्हतं, तो सरकारकडे तसाच पडून होता.

"तुमच्या बाजूनंही गेलाय ना तोच रस्ता?" चाचा म्हणाले. "बघा की, भाऊ. जिल्ह्याच्या वेबसाइटवर यादी आहे. गाडी तर हलत नाहीच."

मी फोनवर तालुका निवडला, मग गाव. 'मोबदला न स्वीकारलेले खातेदार' अशा मथळ्याखाली वडील होते, आजोबांच्या नावासकट, आडनाव आधी. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. रस्त्याकडेची आमची काजूची पट्टी गेली, एवढंच मला कुणाकडून तरी कळलं होतं. पैशांची नोटीस गावच्या बंद घरी आली असणार आणि तिथूनच परत गेली असणार.

रकमेला चाचांनी मनातल्या मनात भागलं. दिरहममध्ये आकडा अगदीच अंग चोरून बसला.

"पोराची वर्षाची फी सुटली, हबीबी. यल्ला, अर्ज करून टाका."

घरी सांगितलं तेव्हा बायको हसली. मुलानं लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "सो वी ओन्ड अ रोड?"

"रस्ता नाही रे. काजू."

"ओके," म्हणाला आणि हेडफोन लावले.

तालुक्याच्या गावातल्या एका वकिलांचा नंबर चाचांनीच दिला. वकील बोलायला मोकळे होते.

"वडिलांना वारस किती?"

"मी. आणि एक बहीण आहे, मोठी. पण तिला काही नको आहे."

"तसं रजिस्टर करून दिलंय तिनं?"

"नाही, तोंडी."

"तोंडाला कोण विचारतो साहेब? मग दोघांच्या सह्या लागणार, आणि काम लांबणार. नाहीतर एक करता येईल. तुम्ही एकटेच वारस, असं प्रतिज्ञापत्र करून पाठवा. बहीण हरकत नाही ना घेणार?"

"छे. ती तसली नाही."

हे मी फार पटकन म्हणालो.

ताईला काही नको होतं, हे खोटं नव्हतं. वडिलांच्या तेराव्याला पाहुणे गेल्यावर ती मागच्या पडवीत भांडी पुसत होती. जमिनीचा विषय मीच काढला होता. ती म्हणाली होती, "मला काही नको रे." आमच्याकडे बहिणी असं म्हणतात. त्यावर भावानं "असं कसं, तुझाही हक्क आहे" असं म्हणायचं असतं. मग ती पुन्हा नको म्हणते, तो पुन्हा आग्रह करतो, आणि पुढे काय व्हायचं ते होतं. पण निदान विचारलं गेलेलं असतं. मला दुसऱ्या दिवशी परतीचं विमान गाठायचं होतं. मी म्हणालो, "बरं."

तिनं पातेलं पुसायचं थांबवलं, एवढं मी पाहिलं होतं.

तेव्हापासून आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. ती शेजारच्याच गावात दिलेली. वडिलांच्या आजारपणात रोज येऊन-जाऊन तिनंच केलं होतं. मी पैसे पाठवत होतो. आता तिच्या सहीसाठी फोन करायचा म्हणजे आधी इतक्या दिवसांत का केला नाहीस, हे ऐकून घ्यायचं. ऑफिसात माणसं कमी करण्याची कुजबुज चालू होती, रोजचे तीन तास रस्त्यात जात होते. एवढं अंगावर घ्यायचं त्राण माझ्यात नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. दमलोय म्हटलं की मला पुष्कळ गोष्टी माफ होतात, निदान माझ्या स्वतःकडून. पण खरं लिहायचं तर चाचांनी फीचा हिशोब केला तेव्हा मीही मनात तोच केला होता, आणि त्यात ताईचा भाग धरला नव्हता.

भारतीय कागदपत्रं साक्षांकित करून देणाऱ्या केंद्रात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. काउंटरवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, "सर, सब पढ़ लिया ना?" मी हो म्हणालो. 'मयताचा मी एकमेव वारस असून' या ओळीच्या खाली सही करायची होती. केली. बाहेर उन्हात टॅक्सीची वाट पाहताना काम झाल्याचं समाधान वाटलं, हेही सांगून टाकतो.

वारसांची नोंद करण्याआधी गावात जाहीर नोटीस लावतात, कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावं म्हणून. वकिलांनी हे सांगितलंही होतं. ते इतकं नेहमीचं असल्यासारखं सांगितलं की ती नोटीस कुणी वाचतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिनाभरानं, पुन्हा त्याच ट्रॅफिकमध्ये, फोनवर ताईकडून एक फोटो आला. चावडीवरच्या बोर्डाचा. खाली एक अक्षर नाही.

चाचांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

मी फोटो दाखवला; वर पाठवणाऱ्याचं नाव होतं, 'ताई'. त्यांनी गाडी हलेपर्यंत तो वाचला. मग म्हणाले, "बहीण आहे तुम्हाला?"

इतकी वर्षं एका गाडीत बसून मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला.

बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभा राहून मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"रेशनचं दुकान आपल्याच गावात आहे ना, तिथं गेले होते," ती म्हणाली. "बोर्डावर बाबांचं नाव दिसलं म्हणून थांबले. मी आहे की नाही, ते मला चावडीवर कळलं."

"ताई, वकील म्हणाला..."

"वकील माझा भाऊ आहे का? हरकत नोंदवून आलेय मी. तलाठी विचारत होता, नातं काय. सांगितलं, ज्यानं एकमेव लिहिलंय त्याची सख्खी बहीण."

"तू म्हणाली होतीस, तुला काही नको."

"म्हणाले होते. आणि तू काय म्हणालास?"

तिला तो शब्द आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तापलेल्या गाड्यांचा वास येत होता. मग तोंडातून निघालं, "चुकलं माझं. सगळे पैसे तूच घे, ताई. मला काही नको."

"बरं," ती म्हणाली.

मी 'असं कसं' याची वाट बघत होतो. क्षमा मागत होतो त्या क्षणीसुद्धा बघत होतो.

ती हसली, पण ते हसू गमतीचं नव्हतं.

"लागलं ना? मला तेव्हा असंच लागलं होतं. सगळे नकोत मला. सगळे देऊन तू मोकळा होशील, आणि मी पुन्हा नाहीच कुठे. अर्धे दे. आणि माझं नाव तुझ्या हातानं घाल. मग हरकत मागे घेते."

मी पुन्हा रजा काढली. पुन्हा तोच काउंटर, बहुधा तीच मुलगी, पुन्हा "सब पढ़ लिया ना?" या वेळी मी खरोखर वाचलं. वारस दोन, मुलगी आणि मुलगा, वयाच्या क्रमानं. वकील वैतागले. पहिलं प्रतिज्ञापत्र रद्द करणं, दुसरं दाखल करणं, ते चुकीचं का दिलं याचा खुलासा. खुलाशात 'नजरचुकीने' लिहा म्हणाले. मी 'माहीत असूनही' लिहून पाठवलं. त्यांनी ते खोडून नजरचुकीनेच केलं. एवढ्यावरून पुन्हा भांडायचं मला जमलं नाही.

ताईनं हरकत मागे घेतली आहे. फाइल प्रांत ऑफिसात आहे. यादीत वडिलांचं नाव अजून तसंच दिसतं. ट्रॅफिकमध्ये कधी कधी मी उघडून बघतो, आणि चाचा विचारतात, "काय म्हणते बहीण?" पैशांचं विचारत नाहीत.

दर रविवारी ताईचा फोन येतो. फाइल कुठवर आली, तलाठी काय म्हणाला, पुढच्या वेळी कोणता कागद लागेल. ते झालं की ती गुडघ्याचं सांगते, मी ऑफिसचं. फाइल निघाली, पैसे खात्यावर आले, की हे फोन येत राहतील का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मागच्या रविवारी ती म्हणाली, प्रांतसाहेबांची बदली झाली, आता दिवाळीपर्यंत काही होत नाही.

मी "बरं" म्हणणार होतो. मग म्हणालो, "असं कसं? मी येतो दिवाळीला. दोघं जाऊ विचारायला."

"बघू," ताई म्हणाली. "तिकीट काढलंस की सांग."