ओवीची ओटी

टांझानियाला पोचल्यावर ओवीचा मला पहिला फोन आला, तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "बाई, इथंही मळीचा वास अगदी तसाच येतो!"

इतक्या लांब जाऊन सांगायला हिला हे सापडावं, याचं मला हसू आलं. पण मुलगी बारामतीत वाढलेली, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. परक्या देशात पहिल्या दिवशी तिला धीर कशानं आला असेल, हेही त्या वाक्यातून मला कळलं.

पाचवीपासून दहावीपर्यंत ती शाळेत माझ्या हाताखाली होती. आईवडील, केशवराव आणि विमलताई, आमच्याच गल्लीतले. ओवी बोलायला लागली की वाक्याचं शेपूट गिळून पुढच्या वाक्यावर उडी मारायची. प्रयोगाच्या तासाला परीक्षानळीचा वास घेऊ नका म्हणून सांगितलं, की वास घेणारी पहिली हीच. रसायनशास्त्र घेऊन शिकली, साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम केला आणि कारखान्यात उसाचा रस तपासायला लागली. त्या प्रयोगशाळेत ती एकटी मुलगी होती.

मधे तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा पुण्याचा. लग्नाच्या तोंडावर त्यांच्याकडून निरोप आला की नोकरी सोडावी लागेल. ओवी नाही म्हणाली आणि ते मोडलं. मोडल्याचं तिला फारसं वाटलं नाही. त्रास झाला तो नंतरच्या हळव्या आवाजांचा. दारात आलेली प्रत्येक बाई आवाज उतरवून विचारायची, "बरी आहेस ना गं?" ओवी मला म्हणाली होती, "बाई, मी आजारी नाही. पण या सगळ्या मिळून मला आजारी पाडतील."

अशा दिवसांत एक उंच, उन्हानं रापलेला मुलगा खांद्यावर ऊस टाकून तिच्या प्रयोगशाळेत शिरला. हा शेळगावचा दिग्विजय. घरचा ऊस, शिवाय ऊस तोडायचं मोठं यंत्र त्यानं घेतलेलं. उसाची गोडी तपासून कारखाना तोडीचा क्रम लावतो, त्यात याच्या प्लॉटचा नंबर मागे गेला होता.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे. तुमचा ऊस कच्चा आहे."

"माझा ऊस कच्चा? खाऊन बघा की!"

ओवीनं खरंच कांडं सोलून खाल्लं. "गोड आहे," ती म्हणाली, "पण कच्चाच आहे."

पुढच्या आठवड्यात तो दुसरा ऊस घेऊन आला. मग तिसरा. त्यानंतर आला तेव्हा त्याच्या हातात ऊस नव्हता. "काय काम आहे?" असं तिनं विचारलं, तर त्याला काही सांगता येईना. प्रयोगशाळेतले सगळे मान खाली घालून हसत होते. हे मला ओवीनंच सांगितलं, आणि सांगताना तिचे दोन्ही हात हवेत होते.

टांझानियाच्या कारखान्यातली नोकरी मिळाली, तेव्हा आईवडिलांच्या आधी तिनं दिग्विजयला कळवलं.

"जा की," तो म्हणाला. "तितला ऊस तरी पिकलेला मिळंल तुमाला." मग जरा वेळानं, "मी थांबू का?"

"थांबणार असाल तर सांगून थांबा," ओवी म्हणाली. "आणि थांबणार नसाल तर तेही सांगा. मला मागनं दुसऱ्याकडून कळायला नको."

"सांगून थांबतोय," तो म्हणाला.

मे महिन्यात ती गेली. तिथं उसाचं गळीत पावसाळा संपल्यावर सुरू होतं, म्हणजे आपल्याकडं हंगाम बंद असतो तेव्हा तिचा जोरात. दिग्विजय अंगणात यंत्राचे दात काढून ग्रीस भरत बसलेला, फोन डब्याला टेकवलेला, आणि पलीकडं ओवी क्वार्टरच्या पायरीवर चहा पीत बसलेली. तो तिच्याकडून एकेक स्वाहिली शब्द शिकायचा आणि दुसऱ्या दिवशी चुकीचा म्हणायचा. तिनं तपासलेल्या रसाची पहिली साखर बाहेर पडली त्या दिवशी तिनं तळहातावर दाणे घेऊन आम्हा सगळ्यांना फोटो पाठवला. केशवरावांनी तो भाजीवाल्यालाही दाखवला.

तिच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, मामा नीमा. तिकडं बाईला थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. 'मामा' म्हणजे आई, म्हणून नीमाची आई ती मामा नीमा. तिच्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारी, शेजारच्या क्वार्टरमधे राहणारी, पन्नाशीची बाई. ओवी पहिल्या आठवड्यात रडली, तेव्हा या बाईनं काही न विचारता तिच्यापुढं भाताचं ताट ठेवलं होतं.

श्रावणात दिग्विजयनं घरी ओवीचं सांगितलं. त्याची आई जयवंताबाई. तो अकरावीत असताना वडील गेले. त्यानंतर ऊस, म्हशी, ठिबक, सोसायटीची कामं, सगळं या बाईनं ओढलं. पोराचं ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "पाव्हण्यांना बोलव. बघू."

विमलताई आमच्याकडं आल्या त्या घाबरूनच. "बाई, तुम्ही बरोबर चला. दुसऱ्यांदा मोडलं तर मला सोसायचं नाही."

संध्याकाळी ओवीचाही फोन आला. "बाई, मी करार अर्धवट टाकून येणार नाही आणि त्यालाही सोडणार नाही. विचारतील तेव्हा मी दोन्ही सांगणार आहे. आईला जरा धरून बसा."

तसं रविवारी आम्ही तिघं शेळगावला गेलो.

अंगणात यंत्र ताडपत्री पांघरून उभं होतं. जयवंताबाई पायरी उतरून पुढं आल्या. ठेंगणा, ताठ बांधा, नजर सरळ माणसाच्या डोळ्यांत. "या. गाडी सावलीला लावा, तापंल." घरात त्यांच्या जाऊबाई राजेश्वरी होत्या. हसऱ्या, बोलक्या, हातभर बांगड्या. पोह्यांच्या ताटल्या आल्या आणि दिग्विजयनं टीपॉयवर तांब्याला टेकवून फोन लावला. ओवी दिसली. केस नीट बांधलेले, आकाशी ओढणी, मागं खिडकीत केळीची पानं.

राजेश्वरीबाईंनी एक ताटली फोनपुढंही ठेवली. "पोरगी बघायची म्हंजी पोहे पायजेत. खा गं, लाजू नगंस!"

"काकी, वासानंच भूक लागली," ओवी म्हणाली. सगळे हसले. जयवंताबाई मात्र फोनकडं निरखून बघत होत्या.

"तितं जेवतीस काय, पोरी?"

"भात असतो, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं असतं, चवळी मिळते. ठेचा मी करते. इथली मिरची आपल्यापेक्षा तिखट आहे."

"एकटीला भ्या न्हाय वाटत?"

"पहिले काही दिवस वाटलं. मग कामाला लागले."

"माघारी कवा यायचं?"

"करार दोन वर्षांचा आहे. त्याच्या आधी मी येणार नाही, काकू."

विमलताईंनी माझा हात घट्ट धरला. केशवराव पोह्यातला शेंगदाणा चमच्यानं फिरवत बसले.

जयवंताबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "काम सोड म्हणायला तुला फोनवर बसवलं न्हाय. मीबी रोज रानात जाती. दिग्या थांबतो म्हणतोय, थांबू दे. पण आमच्यात ओटी भरल्याबिगर पोरगी आमची झाली म्हणत न्हायत. नुसत्या बोलण्यावर दोन वर्सं तुला अडकवून ठेवायची? उद्या आमच्यातलंच कोण फिरलं मंजी? एकदा झालंय तुझं. ओटी भरली की आमी बांधलं जातो, समद्या गावाम्होरं. ती भरता येत नसंल, तर काम संपवून ये, मग बोलू. तवर शब्द कुणी कुणाला द्यायचा न्हाय."

बोलणं कडक होतं, पण त्यात काळजी ओवीचीच होती. "आये, मी फिरणार हाय का?" दिग्विजय म्हणाला.

"तू गप. तुला कुणी इचारलं?"

ओवीचा चेहरा पहिल्यांदा उतरला. दोन वर्षं कुणाचं कुणाशी काही नाही असं राहायचं, म्हणजे बारामतीतले ते हळवे आवाज पुन्हा सुरू.

तेवढ्यात राजेश्वरीबाई उठल्या. विमलताईंची ओटी भरायला आणलेलं ताट कोपऱ्यात होतंच. "अवो अक्का, एवढं काय त्यात? फोनलाच पाटावर बसवू!" असं म्हणत त्यांनी खरंच फोन पाटावर ठेवला, करंगळीजवळच्या बोटावर कुंकू घेतलं आणि ओवीच्या कपाळाचा अंदाज धरून वरच्या कडेला ठसठशीत टेकवलं.

"काकी," आतून ओवीचा आवाज आला, "मला सगळं लालच दिसतंय!"

कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर बसलं होतं. दिग्विजय शर्टाच्या टोकानं पुसायला धावला, तर ते आणखी पसरलं. केशवरावांना हसता हसता ठसका लागला.

"आसं न्हाय व्हत," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांच्याही ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. "नारळ पोरीच्या पदरात पडाय पायजे."

पडदा स्वच्छ झाला तेव्हा ओवीच्या शेजारी एक डोकं दिसलं, रंगीत फडकं बांधलेलं. हसण्याचा गोंगाट ऐकून मामा नीमा बघायला आली होती. ओवी तिला भराभरा काहीतरी सांगत होती, हातांनी नारळ दाखवत होती, ओढणी पसरून दाखवत होती. बाईनं मान डोलावली आणि ती नाहीशी झाली. परत आली ती नारळ घेऊन. काखेत तांदळाचं भांडं आणि घडी घातलेलं पिवळं-काळं कापड.

"काकू," ओवी म्हणाली, "इथं नारळ आहे. तांदूळ आहे. खण नाही, पण हा कांगा आहे, इथल्या बायका लग्नाकार्यात एकमेकींना देतात. तुम्ही सांगा, तशी ही भरेल. चालेल का?"

"सवाशीण हाय का पण ती?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

ओवी खोटं बोलू शकली असती. कुणाला कळणार होतं? "नाही, काकी," ती म्हणाली. "तिचे मिस्टर वारले."

"मग दुसरी कोन मिळती का बघ," राजेश्वरीबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, रीत होती.

जयवंताबाई इतका वेळ चौकटीला टेकून बसल्या होत्या, ओटीच्या ताटापासून लांब. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती. भावकीतल्या लग्नातही त्या मागच्या दारी चुलीजवळ असायच्या. त्या उठल्या, पाटाजवळ आल्या आणि फोन उचलून दोन्ही हातांनी समोर धरला.

"दुसरी कशाला?" त्या म्हणाल्या. "सून माझी. मी तितं असते तर मीच भरली असती."

"अक्का, तुमी?"

"व्हय, मी. बारा महिने रानात राबताना मी चालते, पोराचं लगीन करताना मी चालते, आन् ओटीला तेवढी चालत न्हाय? ओवी, त्या बाईला म्हणावं, माझ्या जागी तू भर. पयलं कुकू लाव. तितं कुकू न्हाय? मग राहू दे. पदर धर नीट. आता तांदूळ, दोन्ही हातांनी. सांडंना का, सांडू दे! आता कापड. त्यावर नारळ, शेंडी तिच्याकडं."

ओवी एकेक वाक्य तिकडच्या भाषेत सांगत होती आणि मामा नीमा अगदी गंभीर चेहऱ्यानं तसं तसं करत होती. इकडं जयवंताबाईंचा एक हात आपोआप पुढं आला होता, ओंजळ वळलेली.

नारळ ओढणीत पडला. आणि मामा नीमानं मान मागं टाकून, जीभ हलवत, अशी एक उंच, लांबलचक आनंदाची आरोळी दिली की फोन थरथरला. गोठ्यातली म्हैस हंबरली. राजेश्वरीबाईंनी छातीला हात लावला आणि मग त्याच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागल्या. विमलताई रडत होत्या, पण हे रडणं वेगळं होतं.

"काय म्हणती ती?" जयवंताबाईंनी विचारलं.

"शुभ झालं, म्हणते," ओवी म्हणाली. "लग्नात इथं असंच ओरडतात."

"लग्नाला तिला घिऊन यायचं. हितं बी वरडू दे."

"आये, आता जरा मला बोलू दे की," दिग्विजय मागून हात पुढं करत म्हणाला.

"तू रोजच बोलतूस, मला ठावं हाय," असं म्हणून जयवंताबाई फोन घेऊन अंगणात निघाल्या. आम्ही पोहे तसेच टाकून मागोमाग गेलो. "हे बघ, हा आपला गोठा. ही म्हस जरा मारकी हाय, जपून राहायचं. आन् त्यो पलीकडं ऊस दिसतुय का? दिसतुय ना? सांग बघू तितनं, पिकलाय का कच्चा हाय?"