किती पर्सेंटाइल?

दादरच्या आमच्या इमारतीतल्या शेजारच्या काकू सीईटीचा निकाल लागला की प्रत्येकाला विचारतात, तेही दोनदा, "किती पर्सेंटाइल? किती पर्सेंटाइल?" यंदा माझ्या लेकीला इतके कमी मिळाले की हवं ते कॉलेज आणि स्कॉलरशिप, दोन्हींवर पाणी पडलं. मी दार लावून आरशासमोर 'पेपरच कठीण होता' हे वाक्य घोकत बसलो.

काकू आल्याच. माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाल्या, "जेवलीस का गं? जेवलीस का?" आणि तिला हाताला धरून घेऊन गेल्या.

लेक परतली ती हसतच.

"काय म्हणाल्या?" मी घाबरत विचारलं.

"म्हणाल्या, पुढचं बघू काहीतरी. आधी तुझ्या बाबाला दोन घास भरव, स्वतःच नापास झाल्यासारखा बसलाय."