अक्कांच्या नावावर आलेले फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. जाहिरात चालू होती एवढं त्यांना माहीत आहे, पण तिच्यात मी काय लिहिलं होतं ते त्यांनी कधी विचारलं नाही. लेकीला सांगावं असं एकदोनदा मनात आलं. मग वाटलं, कशाला. ती अक्कांच्या कडेवर वाढलेली आहे.

आज तुम्हाला का सांगते? माहीत नाही. रडू येतंय, छातीवर ओझं आहे, असं काही नाही. खरं म्हणजे काहीच होत नाही — आणि कधी कधी त्याचंच आश्चर्य वाटतं. एवढं करून माणसाला काहीच कसं होत नाही?

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. घाटनांदूरला पेठेत सासऱ्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि गावाबाहेर थोडी जमीन, तिथे रोपवाटिका. सासऱ्यांना दोन मुलगे. थोरले भाऊजी आणि आमचे हे, दोघं दुकानात बसायचे. रोपवाटिका अक्कांची. माहेर त्यांचं चकलांबा. उंच बाई, खणखणीत आवाज, बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा. सीताफळाची कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. जरा वाढवूनच ऐकवायच्या. एका झाडाला किती फळं लागली हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर दर वेळी झाड वाढलेलं असायचं. मला त्याचा राग यायचा. सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते — राग यायचा, आणि तो मी कधी दाखवला नाही.

मी लातूरची. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. दुकानात ब्रॉडबँड घेतलं तेव्हा मी हौसेने रोपवाटिकेची वेबसाइट केली, फुकटातली. केली खरी, पण तिच्यावर टाकायचं काय? अक्का म्हणाल्या, मी बोलते, तू टाइप कर. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दुकान बंद असताना त्या गल्ल्यावरच्या खुर्चीत बसायच्या आणि मी कॉम्प्युटरपुढे. फुलोरा भरपूर येतो पण फळ धरत नाही, तर काय करायचं. अर्ध्या उमललेल्या फुलाला सकाळी कुंचल्याने पराग कसा लावायचा. फळ तडकतं कशाने. मधेच त्यांच्या भावाच्या शेळीने कलमांची अख्खी ओळ कशी खाल्ली आणि मग त्या शेळीचं पुढे काय झालं, हेही यायचं. मी सगळं जसंच्या तसं टाइप करायचे. त्यांच्यावरच्या प्रेमाने नव्हे. कापत बसायचा कंटाळा म्हणून.

आणि लोकांना तेच आवडलं. पुण्यात कंपनीत नोकरी करणारी, गावाकडे वडिलांची जमीन असलेली मुलं रात्री-बेरात्री ते वाचायची. वाचून वडिलांना सांगायची, मित्रांना पाठवायची, कुणी आपल्या पानावर आमचा पत्ता द्यायचं. सर्चमध्ये वर येण्यासाठी आम्ही एक पैसाही मोजला नव्हता. पण सीताफळाबद्दल कुणी काही शोधलं की आमचं पान दिसायला लागलं. आधी खाली कुठेतरी, मग मध्ये, आणि दोनेक वर्षांनी अगदी वर. पुढे पुढे तर लोक सीताफळ शोधेनातच. इंग्रजी अक्षरांत सरळ ‘घाटनांदूरच्या अक्का’ असं टाइप करायचे. मी हे अक्कांना दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, माझ्या बापाला दाखवायला पायजे होतं.

सासरे गेल्यावर वाटणी झाली. भांडण नाही, कोर्ट नाही. जुनी रोपवाटिका आणि अक्कांच्या नावाची वेबसाइट थोरल्यांकडे. दुकान दोघांत. आम्हाला अंबाजोगाई रस्त्याकडेचा तुकडा आला, तिथे आम्ही आमची वेगळी रोपवाटिका घातली. टायपिंग मात्र माझ्याकडेच राहिलं. वाटणी जमिनीची झाली, रविवारची न्हाई, असं अक्का म्हणाल्या.

आता आमच्या रोपवाटिकेला लोक आणायचे कसे? लातूरचा एक जाहिरातवाला दुकानात आला होता. त्याने समजावलं, सर्चमध्ये अगदी वर, फिकट पिवळ्या पट्टीत पैसे भरून जागा मिळते. कुठले शब्द शोधल्यावर आपण दिसायचं ते आपण ठरवायचं. कुणी आपल्या नावावर बोट दाबलं की आपले पैसे कापले जातात. आज भरलं की उद्या फोन. त्या संध्याकाळी आम्ही चौघं ओट्यावर बसून ह्याच गोष्टीवर बोललो. अक्कांचं म्हणणं, माझ्यासारखं करा, बोलायला लागा, लोक येतील. मी म्हटलं, त्याला दोन वर्षं लागतात आणि आमची कलमं पिशव्यांत तयार आहेत. त्या म्हणाल्या, “पैसं बंद केलं की फोन बंद. मग त्ये गिऱ्हाईक तुमचं कसं म्हनायचं?” भाऊजी म्हणाले, दोन्ही करा. कुणी कुणावर रागावलं नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि आमचंही चूक नव्हतं. पिशवीतलं कलम दोन वर्षं वाट बघत नाही.

पैसे देऊन जाहिरात केली, ह्यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तुम्ही म्हणाल, मग मुद्द्यावर या. येते — पण त्याआधी एक आणखी. ओट्यावरच्या त्या संध्याकाळच्या आधीच मीही स्वतःचं पान लिहायला बसले होते. कुणी घरात नसताना. शीर्षक लिहिलं, एक वाक्य लिहिलं. त्यापुढे काही आलंच नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं नव्हतंच काही. पैसे भरून जाहिरात करण्यामागचं खरं कारण हे होतं. कलमांचं कारण नंतर सापडलं.

जाहिरात सुरू झाली. लोक बोट दाबायचे, आमचं पान बघायचे आणि निघून जायचे. लागवडीचे दिवस सरत चालले होते. ह्यांचा चेहरा मला रोज जेवताना दिसायचा.

अशात एक फोन आला. पुण्याचा माणूस, आवाज तरुण. त्याने विचारलं, “घाटनांदूरच्या अक्का का?”

मी म्हणाले, “हो. बोला.”

एवढंच. तो बोलला. त्याच्या वडिलांच्या बागेत फळ धरत नव्हतं. मी त्याला सकाळचं, कुंचल्याचं, अर्ध्या उमललेल्या फुलाचं सगळं सांगितलं. मीच टाइप केलेलं होतं ना, शब्द न् शब्द पाठ होतं. ‘बाळा’ असंसुद्धा म्हणाले त्याला, अक्का म्हणायच्या तसं. त्याने नवीन लागवडीसाठी कलमं सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन आला. फोनवरच्या अक्का ह्याच का, असं त्याने विचारलं नाही. मला बघून नमस्कार केला.

त्याने फोन केला त्या संध्याकाळीच मी जाहिरातीचा हिशेब उघडून पाहिला, कोण काय शोधून आलं ते त्यात दिसायचं. त्याने अक्कांचं नाव शोधलं होतं. सीताफळाच्या शब्दांशी जवळचं म्हणून यंत्राने आपणहून आमची जाहिरात त्यावर दाखवली होती, अक्कांच्या पानाच्या वर. अक्कांचं नाव कुणी शोधलं तर आमची जाहिरात दाखवू नका, असं तिथे लिहिता येत होतं. मला ते येत होतं.

मी ते नाव आमच्या शब्दांत घातलं. ‘घाटनांदूरच्या अक्का’. मराठीत, इंग्रजी अक्षरांत, आणि लोक ज्या ज्या चुकीच्या पद्धतीने लिहायचे त्या सगळ्या पद्धतींनी — त्या माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हत्या. मग जाहिरातीचं शीर्षकही बदललं. ‘घाटनांदूरच्या अक्का, सीताफळ कलमे’. खाली माझा नंबर.

हे मी केलं. कॉम्प्युटर बंद केला आणि भाकऱ्या टाकायला गेले.

फोन यायला लागले. अक्कांना शोधणारा प्रत्येक माणूस आधी मला सापडत होता. मी पुन्हा कधी ‘हो’ म्हणाले नाही. तशी वेळच आली नाही. लोक ‘नमस्कार अक्का’ म्हणून थेट बोलायला लागायचे. आमची कलमं चांगली होती, फसवी नव्हती... पण हे मी तुम्हाला का सांगते आहे? त्याने काय होतं?

पुढच्या वर्षी लागवडीच्या दिवसांत एका रविवारी अक्का खुर्चीत बसल्या, पण बोलायला लागल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सुनंदा, औंदा फोन कावून येत न्हाईत ग?”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कॉम्प्युटर चालू होता, माझा हात त्याच्यावर होता. दोन मिनिटांत ते नाव काढून टाकता आलं असतं, त्यांना कळलंही नसतं. मी म्हणाले, सर्चचे नियम बदललेत अक्का. आता लोकांना मुद्द्याचं लागतं. जुनी लांबलचक पानं मागे पडतात.

नियम खरंच अधूनमधून बदलायचे. म्हणून ते खोटं सहज बोलता आलं.

त्या म्हणाल्या, “मी लई बोलते का?”

मी काहीच बोलले नाही. तेच उत्तर झालं.

त्यानंतर अक्का बदलून बोलायला लागल्या. सरकारी पत्रकात असतं तसं. ‘शेतकरी बंधूंनी काळजी घ्यावी.’ एक वाक्य सांगायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, चालेल का म्हणून. भावाची शेळी काढून टाक म्हणाल्या. मी काढली. त्यांच्या वडिलांचा विहिरीवरचा प्रसंग होता, तोही काढला. त्या सांगत गेल्या, मी खोडत गेले, आणि जे जे लोकांना आवडलं होतं ते सगळं त्या पानांवरून गेलं. मग ती पानं सर्चमध्ये खरोखरच खाली घसरली. तोपर्यंत मी फक्त त्या पानांच्या वर पैसे देऊन बसले होते. आता खाली बघण्यासारखंही काही उरलं नाही. आणि ते गेलं त्यांच्याच तोंडून, माझ्या हातांनी.

काही महिन्यांनी त्या रविवारी यायच्या बंद झाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं तर पूर्वीसारख्या गप्पांत ओढायच्या नाहीत. भाऊजींना वाटलं वय झालं. ह्यांनाही तसंच वाटलं. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मी तर नाहीच.

आणखी एक पावसाळा गेला आणि त्यांनी रोपवाटिका बंद केली. ज्या जुन्या झाडांच्या काड्या घेऊन त्या कलमं बांधायच्या, ती झाडं त्यांनी मला दिली. बोलावून दिली. कुठल्या झाडाच्या काड्या कधी घ्यायच्या ते प्रत्येक झाडाला हात लावून सांगितलं. मी ऐकत होते. ऊन होतं, मला घरी जायचं होतं. तेवढंच आठवतं.

अक्कांच्या नावाची जाहिरात मी त्यानंतर बंद केली. मन खात होतं म्हणून नाही. गरज उरली नव्हती म्हणून. तोपर्यंत अक्कांचा म्हणून माझाच नंबर लोक एकमेकांना देत होते, आणि अक्कांना शोधणारा माणूस पैसे न भरताही माझ्याकडेच येत होता.

भाऊजी गेल्यावर अक्का लातूरला मुलाकडे राहायला गेल्या. मागच्या वर्षी अंबाजोगाईला भाचीच्या लग्नात भेटल्या. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. माझं वाढून होतंय तोवर एक माणूस पुढे आला, साधारण चाळिशीचा, माझ्यापुढे वाकला. म्हणाला, अक्का, ओळखलं का, कलमं न्यायला आलो होतो, फोनवर तुम्ही सांगितलंत तशी बाग लावली, आता दोन एकर आहे. मोठ्याने बोलत होता. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मी पानाकडे बघत होते. मग त्याने शेजारी बघितलं आणि विचारलं, ह्या कोण?

अक्का म्हणाल्या, “मी ह्यांची जाऊ.”

आणि त्याला टेकायला जागा व्हावी म्हणून बाजूला सरकल्या. तो बसला नाही. पुन्हा नमस्कार करून गेला. वाढपी भात घेऊन आला, अक्कांनी थोडा घेतला. घास कालवता कालवता खालच्या आवाजात मला म्हणाल्या, “बाग चांगली धरली म्हनला न्हवं त्यो?”

मी हो म्हणाले.

“मग बरं हाय,” म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. मीही जेवले.

त्यांना हे कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर वर्ष होत आलं. लातूर आमच्यापासून लांब नाही, घाटनांदूरहून दिवसभर गाड्या आहेत. मी गेलेली नाही.