मुतवल्लीची तिसरी शपथ

मुतवल्ली माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. इजिप्तमधल्या मन्सूरा इथल्या सरकारी बटण कारखान्यात तो पॅकिंगचा मुकादम होता, आणि आग्रह कसा करावा ते त्याच्याकडून शिकावं. तुम्ही नको म्हणालात की तो हात धरणार, पुन्हा नको म्हणालात की देवाची शपथ घालणार, आणि तरीही नको म्हणायची तुमची छाती झालीच, तर थेट बायकोवर येणार: "हे खाल्लं नाहीत तर माझ्यावर तलाक लागो!" आमच्याकडे ही शपथ पुष्कळांच्या तोंडी असते; मोडली तर बायको गेली. समोरचा घाबरून खातो, स्वयंपाकघरात बायको कपाळावर हात मारून घेते, आणि संसार चालू राहतो.

मुतवल्लीचा मात्र दोनदा घात झाला. एकदा त्याने एका पाहुण्याला आणखी एक कबूतर वाढताना ही शपथ घेतली. पाहुण्याचं पोट आधीच बिघडलेलं, तो ताटावरून उठून जो पळाला तो घरीच गेला. दुसऱ्यांदा मिनीबसमधली खिडकीची जागा एका म्हाताऱ्याला देताना घेतली, तर म्हातारा न बसता पुढच्याच थांब्यावर उतरला. दोन्ही वेळा मशिदीतल्या शेखसाहेबांनी गरिबांना जेवण घालायला लावून प्रकरण मिटवलं. मुतवल्लीची बायको बहिया, तिने मात्र मिटवलं नाही.

"शेख माफ करोत, मी नाही करायची," ती म्हणाली. "कबुतरापायी मला पणाला लावलंस, खिडकीपायी लावलंस. आता पुन्हा शपथ मोडली ना, की मी नदीपलीकडे तलखाला, आईकडे. मग बस भिंतींना आग्रह करत!"

आता साहेबलोकांचं ऐका. कैरोहून दर थोड्या वर्षांनी नवा संचालक यायचा आणि नेतृत्वाची नवी तऱ्हा घेऊन यायचा. एक होता दरारेवाला. कामगार घाबरला की बटण आपोआप गोल होतं, असं त्याचं मत. मुतवल्ली घाबरला. मग आला लोकशाहीवाला. पंखा किती वेगाने फिरवायचा यावरसुद्धा तो मतदान घ्यायचा. मुतवल्ली हात वर करायचा. त्यानंतरचा म्हणायचा, खरा नेता माणसांना मोकळं सोडतो, आणि तो स्वतःच इतका मोकळा सुटला की ऑफिसात कधी दिसलाच नाही. मुतवल्लीने त्याच्या रिकाम्या खुर्चीला रोज सलाम केला. उभ्या नोकरीत साहेबाला "नाही" म्हणायची त्याची हिंमत झाली नव्हती. "साहेबापुढे मांजर आणि माझ्या जिवावर वाघ!" असं बहिया म्हणायची. खोटं नव्हतं हो, उगाच कशाला लपवा.

आणि मग आले रुश्दी बे, म्हणजे रुश्दीसाहेब. नेतृत्वाच्या कसल्याशा शिबिरात शिकून आले होते: नेता म्हणजे सेवक, नेता सगळ्यांच्या शेवटी जेवतो, नेता सगळ्यांच्या मागून चालतो. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः चहा करून वाटला. आता साहेबाच्या हातचा चहा बसून कोण पिणार? सगळे उभे राहिले. साहेब म्हणाले बसा, तर माणसं आणखी ताठ झाली. चहावाला हसनैन आपली नोकरी गेली असं समजून कोपऱ्यात ढसाढसा रडला.

खरं घोडं अडलं ते नव्या जेवणघराच्या दारात. उद्घाटनाला बदक आणि मुलुखियाची भाजी केली होती, वास पार गेटपर्यंत पोचला होता. अख्खा कारखाना दारापाशी गोळा झाला. रुश्दी बे बाजूला सरले. "चला, आधी तुम्ही," ते म्हणाले.

साहेबाच्या आधी आत घुसणारा पठ्ठ्या आमच्या गावात अजून जन्मायचाय. "छे छे, बे, आधी तुम्ही!" "नाही, नाही, तुम्ही!" "देवाशपथ, तुम्ही!" बेंनी सर्वांत पुढे असलेल्या मुतवल्लीच्या पाठीवर हात ठेवला, हलकेच आत सारलं, आणि मुतवल्लीच्या तोंडून निघून गेलं:

"तुमच्याआधी मी आत पाय टाकला तर माझ्यावर तलाक लागो!"

त्याचा मेहुणा शलबी कारखान्यात ड्रायव्हर होता, तो शेजारीच उभा. "मेलास, अबू समीर," असं मुतवल्लीला त्याच्या पोराच्या नावाने हाकारून तो बहिणीला फोन करायला गेटकडे पळाला.

मुतवल्लीला दरदरून घाम फुटला. "बे, तुमच्या पाया पडतो, जा ना आत."

"मी आधी गेलो तर शिबिरात शिकलो काय? मी तुमचा सेवक आहे, मुतवल्ली."

"मग सेवकाने ऐकावं की!"

"सेवक या नात्याने नम्रपणे सांगतो, आत गेला नाहीत तर उद्या पार दक्षिणेच्या टोकाला, अस्वानला बदली."

मग जुन्या साहेबांचे चेले सरसावले. हिशेबनिसाने मतदान घेतलं. सगळी मतं 'आधी बे' यालाच पडली, आणि बेंनी निकाल विनयाने नाकारला. फोरमनने शिट्टी फुंकून "आत चला!" अशी डरकाळी फोडली, आणि माणसं दोन पावलं मागे सरकली. कुणी म्हणालं, दोघं एकदमच घुसा. दोघांची पोटं दारात अशी गच्च बसली की त्यांना मागे ओढून काढावं लागलं. मोकळं सोडणाऱ्या साहेबाचा चेला केव्हाच घरी गेला होता.

बदक गार झालं. मुतवल्ली भिंतीला पाठ लावून उभा. साहेबांचं अस्वान म्हणून झालं, चौकशी म्हणून झालं, पगारवाढ बंद म्हणून झालं. त्याच्या तोंडून "नाही" फुटेना, म्हणून तो नुसती मान हलवत होता. पाय काही उंबरा ओलांडत नव्हता.

बहिया टॅक्सीतून उतरली ती सुटकेस घेऊनच. गर्दीने वाट दिली.

"गेलास आत?"

"नाही."

"कधीपासून उभा आहेस?"

"दुपारच्या अजानपासून."

"ताई, साहेब अस्वानला धाडतो म्हणाले," शलबी मध्येच बोलला, "तरी हा हलला नाही गं!"

बहियाने नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साहेबाला नाही म्हणालास? तू?"

"म्हणालो नाही. मान हलवली."

ती ओठ घट्ट मिटून रुश्दी बेंकडे वळली.

"बे, सगळ्यांचे सेवक ते तुम्हीच का?"

बेंचा चेहरा उजळला. आल्यापासून त्यांना कुणी एक काम सांगितलं असेल तर शपथ. "हो बाई, सेवेला हजर!"

"मग ही सुटकेस फार जड आहे हो. तेवढी आत नेऊन टेबलाखाली ठेवता?"

बे धन्य झाले. सुटकेस दोन्ही हातांनी छातीशी धरून तुरुतुरु आत गेले. क्षणभर कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही. मग शलबी किंचाळला, "साहेब आत गेले!" आणि मुतवल्लीने अशी उडी घेतली की त्याची एक चप्पल बाहेरच राहिली.

संध्याकाळी नाईलच्या काठाने दोघं घरी निघाली. सुटकेस मुतवल्लीच्या हातात होती.

"एक सांग," बहिया म्हणाली, "दर वेळी मीच का रे? नोकरीची शपथ घे, पेन्शनची घे."

"त्या शपथेवर विश्वास कोण ठेवील?" मुतवल्ली म्हणाला. "जी गेली तर आपणच संपलो, अशाच गोष्टीची शपथ घ्यावी लागते. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

बहियाने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि उलट चिडलीच. "तरी यापुढे नोकरीचीच घ्यायची, मेल्या!"

"बरं, घेतो." तो थोडा चालला आणि थांबला. "पण ही इतकी हलकी कशी गं?"

"गप चाल," बहिया म्हणाली. "कपडे भरायला वेळच झाला नाही."